पुकारा झाला, कूळ हजर नाही

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यातले सुपे हे मोठे बाजारगाव. बाजाराच्या निमित्ताने आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे कुणबी गावात जमले होते. बघता बघता जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. दुकाने फुटली, धान्य लुटले गेले. पण जमावाचा मुख्य रोख धान्यावर नव्हताच. त्याला हवे होते कागद. चोपड्या, रोखे, गहाणखते, फारखतीविना पडून राहिलेली जुनी खते, सगळे बाहेर काढून पेटवून देण्यात आले. पुढच्या दोन महिन्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचले. बहुतेक ठिकाणी प्रकार तोच. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. ज्याने नकार दिला, त्याच्यावर जोर झाला. या प्रकरणात ९५१ लोक पकडले गेले.

इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून येते आणि तिची कारणे कर्ज, कापूस आणि शेतसारा अशी सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण चिडलेला माणूस सावकाराची तिजोरी सोडून त्याचा कागद का जाळतो, याचे उत्तर त्या तिन्हींत पुरते सापडत नाही. त्यासाठी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात जावे लागते. दावा कसा दाखल व्हावा, समन्स कसे बजावावे, प्रतिवादी आला नाही तर काय करावे, हुकूमनामा कसा वसूल करावा, हे नियम रुक्ष वाटतात. पण त्या एका पिढीत घोडनदी-भीमथडीच्या शेतकऱ्याचे घर, बैल आणि जमीन याच नियमांच्या वाटेने गेली.

त्याच्या आजोबाच्या काळी न्यायाची वाट वेगळी होती.

पेशवाईत वतनाचा, वाटणीचा, कर्जाचा तंटा पडला की तो गोताकडे किंवा पंचायतीकडे जाई. फिर्याद करणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. कामाला सुरुवात करण्याआधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत: पंच सांगतील ते मान्य करू, या अर्थाचा. आजच्या राजीनाम्याशी त्याचा संबंध नाही. हा ‘राजी असल्याचा’ कागद. वर जामीन द्यावे लागत. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली हकीकत. ती ऐकून पंच उलटसुलट प्रश्न विचारीत आणि त्यांची उत्तरे लिहून घेत. त्याला पुरसीस म्हणत. साक्षीदारांना बेलभंडाऱ्याची शपथ, कधी कृष्णेच्या पात्रात उभे करून साक्ष. पुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्य: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची. शेवटी निवाडपत्र होई. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. आणि हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत, की माझा दावा खोटा ठरला, पुन्हा भांडणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. पश्चिमवादी समोर नसेल तर गाडा पुढे सरकत नसे. त्याचा राजीनामा नाही, तकरीर नाही, तर निवाडा कशाचा करणार? म्हणून तो येत नसेल तर त्याला आणण्याची तजवीज होती. तिचे नाव मोहसल. सरकारचा शिपाई त्याच्या दारात येऊन बसे, आणि त्या शिपायाच्या पोटापाण्याचा खर्च दारात बसवून घेणाऱ्यावर पडे. रोजचा भुर्दंड सोसण्यापेक्षा माणूस पंचांपुढे जाऊन उभा राही.

हे चित्र सोनेरी रंगवण्यात अर्थ नाही. पंच जमायला महिने लागत, जमले तर वर्षे लागत. लाच चाले, वजनदार माणसाचे पारडे जड असे, जातीची उतरंड पंचांच्या बैठकीतही असेच. येजितखत लिहून दिलेला माणूस कारभारी बदलला की पुन्हा तेच भांडण उकरून काढी. काही वतनांचे तंटे तीन-तीन पिढ्या चालले. शिवाय कर्जवसुलीत पंचायतीपेक्षा तगादा अधिक चाले. धनको स्वतः किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे. तरीही या रांगड्या व्यवस्थेत ऋणकोची जीत एका ठिकाणी होती. सावकाराला त्याच्याच गावात, त्याच्याच लोकांपुढे, त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन पैसे मागावे लागत होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या हाती आला. पुढच्याच वर्षी त्याने जिंकलेल्या मुलखाविषयीचा आपला अहवाल गव्हर्नर जनरलकडे पाठवला. त्यात पंचायतीचे वर्णन इतके बारकाईने आले आहे, की आजही तिच्या अभ्यासाला तो अहवाल लागतो. दोष त्याने झाकले नाहीत. पण पंच परमेश्वर मानणाऱ्या लोकांच्या हातून ही संस्था काढून घेऊ नये, बंगालसारखी कोर्टे घाईने आणू नयेत, असे त्याचे मत होते. काही वर्षे मामलेदारांमार्फत पंचायती चालवूनही पाहिल्या. पण पंचायतीमागचा सरकारी धाक गेला होता. पंचांनी यावे कशासाठी, आणि हरणाऱ्याने मानावे का? शेजारी कोर्ट उघडले, तसे लोक तिकडे वळले.

एल्फिन्स्टननेच मग मुंबई इलाख्यासाठी कायद्यांचा संग्रह करवला. १ जानेवारी १८२७ या तारखेचे ते सत्तावीस ‘रेग्युलेशन’ एल्फिन्स्टन कोड म्हणून ओळखले जातात. त्यातला चौथा रेग्युलेशन दिवाणी कोर्टाच्या कामकाजाचा. त्याचे सव्विसावे कलम वकिलांच्या पिढ्यांनी पाठ केले. लेखी कायदा असेल तर तो लावावा, नसेल तर त्या मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. परक्या राज्यकर्त्याने मुलखाची वहिवाट शास्त्रग्रंथांच्या आधी ठेवली, ही त्या कलमाची मोठी गोष्ट. दावा कशाच्या आधारे निकालात काढायचा याचा विचार एल्फिन्स्टनने आस्थेने केला होता. दावा चालवायचा कसा, याचे वळण मात्र इंग्रजीच राहिले: अर्ज, उत्तर, पुरावा, निकाल, बजावणी.

त्याची पूर्ण मांडणी १८५९ साली झाली. त्या वर्षीच्या आठव्या कायद्याने कंपनीच्या जुन्या मुलखातल्या दिवाणी कोर्टांना प्रथमच एक समान कार्यपद्धती दिली. त्याआधी प्रत्येक इलाख्याचे रेग्युलेशन निराळे होते, आणि त्यांचे थर एकावर एक चढले होते. नव्या कायद्याचे गुण मोठे होते. एकदा निकालात निघालेला मुद्दा पुन्हा उकरता येणार नाही, हे त्याने पक्के केले. म्हणजे येजितखताने जे साधले नाही ते साधले. दाव्यात काय लिहावे, मुद्दे कसे काढावेत, अपील कधी, सगळे नेमके झाले. मुंबईच्या पेढीवाल्याला आणि अहमदाबादच्या व्यापाऱ्याला हे हवेच होते.

आणि त्यात समन्सची तरतूद होती. समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हातात द्यावे. तो भेटला नाही तर घरातल्या प्रौढ पुरुषाकडे. तेही जमले नाही तर घराच्या बाहेरच्या दारावर डकवावे. नेमल्या तारखेला प्रतिवादी आला नाही आणि समन्स बजावल्याचा पुरावा असला, तर दावा एकतर्फी ऐकावा.

पूर्वी शिपाई दारात बसायचा, आता कागद दारावर चिकटू लागला. प्रतिवादीला आणल्याशिवाय निवाडा नाही, ही जुनी अट होती. प्रतिवादी आला नाही तरी निवाडा थांबणार नाही, ही नवी. शहरातल्या दोन तुल्यबळ पक्षांना ती न्याय्यच होती. कोर्ट टाळणाऱ्या लबाडाला त्यामुळे फायदा मिळत नाही. परंतु भीमथडीच्या कुणब्याची गोष्ट निराळी होती.

त्याच्यासाठी कोर्टाची तारीख म्हणजे एक-दोन दिवसांची पायपीट, ऐन पेरणी-काढणीत बुडालेले काम, वकिलाची फी, स्टँपाचा खर्च. समन्स आले तर ते वाचायचे कोणी? गावात लिहिता-वाचता येणारा कुलकर्णी, आणि त्याचे सावकाराशी वैर नको असायचे. खतावर सही म्हणून त्याने नांगराची निशाणी केलेली. मजकूर लिहिणारा दुसराच, साक्षीदार बहुधा सावकाराच्या ओट्यावर बसणारे. समन्स न देताच शिपाई ‘बजावले’ असा शेरा मारून आणतात, अशाही तक्रारी होत्या. आणि कोर्टात जाऊन तो म्हणणार काय? निशाणी माझीच, हे तर कबूल. पन्नास रुपये घेतले आणि शंभर लिहिले, हे सिद्ध करायला त्याच्याजवळ पावतीचा चिटोराही नसे. वर सावकाराचा दिलासा असे: दावा नुसता मुदतीसाठी लावतोय, तू येऊ नकोस, हुकूमनामा मी बजावणार नाही. पुढच्या वर्षीचे बी त्याच्याकडूनच घ्यायचे असल्यामुळे कुणबी घरीच राही.

मुदतीचाही फास होता. त्याच १८५९ साली मुदतीचा कायदा आला आणि साध्या रोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांवर आली. ऋणकोवर जुने कर्ज साचू नये, असा त्यामागचा हेतू. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेऊ लागला. नव्या खतात जुने व्याज मुद्दल होऊन बसे. दोन-तीन खेपांत मूळ रक्कम किती होती, हे कुळाला सांगता येईना. आणि कोर्टाला ते विचारण्याचे कारण नव्हते. कोर्टापुढे एकच खत होते, ताजे, निशाणीसह, साक्षीसह.

म्हणून ठरल्या तारखेला शिपाई कोर्टाच्या ओसरीवर येऊन नावाचा पुकारा करी, कुणी ओ देत नसे, आणि काही मिनिटांत हुकूमनामा होई. अशा एकतर्फी हुकूमनाम्यांची संख्या दख्खनच्या कोर्टांत प्रचंड होती. ते रद्द करून घ्यायला कायद्याने तीस दिवसांची मुदत ठेवली होती खरी, पण जो पहिल्या तारखेला पोचला नाही तो या तीस दिवसांत कसा पोचावा?

हुकूमनाम्यानंतर दरखास्त, जप्ती, लिलाव. नाहीतर दिवाणी कैद. रक्कम पन्नास रुपयांच्या आत असली तरी ऋणकोला तीन महिने तुरुंगात ठेवता येई. त्याच्या जेवणाचा भत्ता मात्र धनकोने भरायचा. अनुभवी सावकार ही सगळी हत्यारे एकदम वापरीत नसे. तो हुकूमनामा घरात ठेवून देई. त्याच्या धाकावर कूळ स्वतःच्या शेतात सावकारासाठी राबे, पिकलेले त्याच्या खळ्यात नेऊन घाली. १८७२ साली दरभंगा राजच्या एका खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हिंदुस्थानातल्या दावेदाराचे हाल हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. बड्या जमीनदाराकडून वसुली करताना ते खरे असेल. दख्खनमध्ये हुकूमनामा मिळाला की हाल सुरू होत ते प्रतिवादीचे.

त्यात काळ फिरला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार मागेल त्याला पैसे देत होता. १८६५ला युद्ध संपले, भाव कोसळले. इंदापूरपासून सुरुवात होऊन जमिनीची फेरआकारणी झाली आणि सारा बराच वाढला. सावकाराने हात आखडता घेतला आणि घरात ठेवलेले हुकूमनामे बाहेर काढले.

१८७४च्या डिसेंबरात शिरूरजवळच्या कर्डे गावात ठिणगी पडली. तिथल्या एका मारवाडी सावकाराने एका देशमुखाचे घर कोर्टाच्या लिलावात दीडशे रुपयांना विकत घेतले होते. देशमुखाने जागेचे भाडे देऊ केले. सावकाराने ते नाकारले आणि घर पाडायला घेतले. कायद्याने त्याचे काहीच चुकत नव्हते. पण गावच्या देशमुखाचे घर उतरवले जाताना साऱ्या गावाने पाहिले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत सोडली, परटाने धुणे, पाणक्याने पाणी. सहा महिन्यांत सुप्याचा तो बाजाराचा दिवस उगवला.

म्हणून त्या दिवशी कागद जळाले. नव्या पद्धतीत शेतकऱ्याचे तोंड कोर्टाला ऐकू येत नव्हते, फक्त त्याच्या निशाणीचा कागद बोलत होता. तो कागद गप्प करणे, एवढेच त्याच्या हाती उरले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने साक्षी घेतल्या, तालुक्यातालुक्यांच्या कोर्टांचे दाखले तपासले, आणि सारावाढीचा दोष सौम्य शब्दांत बाजूला सारला. १८५७ विसरायला अजून वेळ होता आणि सरकारला स्वतःकडे बोट नको होते. पण दिवाणी कार्यपद्धतीच्या बाबतीत आयोग स्पष्ट बोलला. एकतर्फी हुकूमनामे, समन्सचा घोळ, मुदतीच्या कायद्याने फुगलेली खते, ऋणकोची कैद, सगळे त्याने नोंदवले.

पुण्यातली मंडळीही गप्प नव्हती. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी याच दशकात पुण्यात लवाद कोर्ट उभे केले. दोन्ही पक्षांनी राजीखुशीने यावे आणि लवादाने तंटा मिटवावा, हा जुन्या राजीनाम्याचाच नवा अवतार. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोर्टकचेरीत नागवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याची कहाणी मांडली ती यानंतर काही वर्षांनी.

१८७६ ते ७८चा भीषण दुष्काळ मध्ये येऊन गेला. १८७९च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी याच मुलखात, धामारीला, पहिला दरोडा घातला. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ लागू झाला. हा सतरावा कायदा फार थोड्या लोकांना आज आठवतो, पण साम्राज्याच्या कायद्यांत तो एकटा उठून दिसतो. दिवाणी दाव्याच्या सगळ्या सवयी त्याने उलट्या करून टाकल्या.

खत कबूल असले तरी कोर्टाने त्याच्या मागे जावे. पहिला व्यवहार कधी झाला, हातात किती पैसे पडले, व्याज कुठे मुद्दलात मिसळले, हे पहिल्यापासून शोधावे. हिशेब नव्याने मांडावा, मुद्दल आणि व्याज वेगळे ठेवून, चक्रवाढ न धरता. आणि प्रतिवादीला साक्षीदार म्हणून कोर्टाने तपासावे. तो आला नाही, की चला पुढे, हा रिवाज इथे संपला. न्यायाधीशाने त्याला समोर आणून विचारायचे होते. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी फेडण्याची सवलत मिळाली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक बंद झाली. स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन विकता येईना. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना सहसा मज्जाव. गावोगाव रजिस्ट्रार नेमले, कुणब्याचे खत त्यांच्यासमोर व्हावे म्हणून. आणि दावा लावण्याआधी समेट करणाऱ्या कन्सिलिएटरकडे जाऊन त्याचा दाखला आणणे सक्तीचे झाले.

त्या काळच्या कायदेपंडितांना यातले बरेच काही भयंकर वाटले. दोघांनी मान्य केलेल्या लेखी कराराच्या पाठीमागे न्यायाधीशाने डोकवावे, हे इंग्रजी कायद्याच्या पोटात बसणारे नव्हते. न्यायाधीशाने तटस्थ बसावे, पक्षांनी आपापले मांडावे, ही त्यांची शिकवण. परंतु एक पक्ष मांडूच शकत नसेल तर तटस्थ बसण्याने कोणाचे काम होते, हे चार जिल्ह्यांनी दाखवून दिले होते.

या कायद्याखालच्या कोर्टांवर देखरेखीसाठी खास न्यायाधीशाची जागा निर्माण झाली. आधी त्या कामात सहायक म्हणून आणि पुढे स्वतः खास न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानड्यांनी उमेदीची वर्षे घालवली. १८९३ला हायकोर्टात जाण्याआधीचा त्यांचा मोठा काळ या चार जिल्ह्यांच्या फिरतीवर गेला. तालुक्याच्या कोर्टात जाऊन निकालाचे कागद तपासायचे, हिशेब नीट मांडला का ते पाहायचे. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीचे दिवस येतात. रानड्यांच्या अर्थशास्त्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. शेतीच्या कर्जावर ते इतक्या अधिकाराने का बोलत, याचे एक उत्तर या कागदांच्या गठ्ठ्यांत आहे.

कायद्याने सावकारी संपली नाही, ती शहाणी झाली. गहाणखतामागे कोर्ट डोकावते, मग गहाणखत कशाला? सावकार सरळ खरेदीखत करून घेऊ लागला. पैसे फेडलेस की जमीन परत लिहून देईन, हे तोंडी. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा नियम त्याच्या बाजूने उभा राहिला. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी कायद्यात नवे कलम घालून, खरेदीखत हे खरोखर गहाणच होते का हे तपासण्याची मुभा कोर्टाला द्यावी लागली. दुसऱ्या बाजूने, ज्यांचा नांगराशी फारसा संबंध नाही असेही लोक ‘शेतकरी’ म्हणवून सवलत मागू लागले, आणि शेतकरी कोणाला म्हणावे यावर हायकोर्टात निकालांची रास साचली. समेटाची सक्तीही निव्वळ दाखल्यापुरती उरली आणि पुढे ती काढून टाकण्यात आली.

पण या मुलखाने शिकवलेल्या काही गोष्टी देशभराच्या कार्यपद्धतीत दिसू लागल्या. १८७७च्या नव्या संहितेने शेतीची अवजारे आणि उदरनिर्वाहाला लागणारी गुरे जप्तीतून वगळली. १८८२ला पुन्हा नवी संहिता आली. मग १९०८ची, जी आजही लागू आहे: १५८ कलमे आणि त्यांच्यामागे ‘ऑर्डर’ नावाची नियमांची प्रकरणे, जी हायकोर्टांना आपल्या भागापुरती बदलता येतात. समन्स पाचव्या ऑर्डरमध्ये आहे, गैरहजेरी नवव्यात, आणि बजावणीची एकविसावी ऑर्डर सगळ्यांत लांबलचक. २००२पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी कैफियतीला तीस दिवस आणि फार तर नव्वद अशी मुदत घातली. तारखांवर तीनची मर्यादा आणली. आणि कलम ८९ने दावा चालू असतानाच समेटाकडे, मध्यस्थीकडे वळवण्याचा मार्ग उघडला. नव्वद दिवसांच्या अटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले, की सबळ कारण असेल तर कोर्टाला ती शिथिल करता येईल. दाराशी आलेल्या प्रतिवादीचे तोंड नियमाने बंद करण्यासाठी ती नाही.

महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टांत पेशवाईतल्या बखरी-दप्तरांमधले कितीतरी शब्द अजून रोजच्या वापरात आहेत. प्रतिवादीचे उत्तर ती कैफियत, दिवसभराच्या कामाची नोंद तो रोजनामा, वसुलीचा अर्ज ती दरखास्त. पुरसीसही आहे. फारसीत तिचा अर्थ विचारणा, चौकशी. पंच तकरीर ऐकून ती करीत. आता पुरसीस पक्षकाराचा वकील लिहून देतो, आणि तिच्यात बहुधा एवढेच असते, की आमचा पुरावा संपला, आम्हांला अधिक काही सांगायचे नाही.